'तुलाच'मधला 'च'

माझा धंदा साउंडचा. फोंडा तालुक्यातल्या जत्रा, जत्रांतली नाटकं, भजनी सप्ताह, लग्नं, क्वचित एखादी प्रचारसभा. वडिलांच्या वेळी भोंगे आणि व्हॉल्व्हचा अँप्लिफायर होता, माझ्या वेळी डिजिटल मिक्सर आला. काम तेच राहिलं: बोलणाऱ्याचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं. रॉकचा आणि माझा संबंध ड्रमकिट भाड्याने देण्यापुरता. त्यामुळे भाची दुकानात येऊन जेव्हा म्हणाली, "मामा, माझा अल्बम तू मिक्स करायचास," तेव्हा मी आधी विचारलं, "पैसे नाहीत का गे तुझ्याकडे?"

"नाहीत. पण म्हणून आले नाही."

"मग?"

"पणजीत ज्याच्याकडे गेले होते तो म्हणाला, शब्द जरा मागे ठेवूया, मूड येईल. मला मूड नको. मला लोक हसायला हवेत."

भाची वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासते. संध्याकाळी गिटार. वय सत्तावीस, म्हणजे आमच्या नातेवाइकांच्या हिशेबात लग्नाला चार वर्षं उशीर. हा हिशेब तिच्या गाण्यांत बराच येतो.

गाणी नऊ. एक फोंड्यात समुद्र नाही यावर. मुंबई-पुण्याचे जे पाहुणे घरी उतरतात आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत 'बीच किती लांब?' विचारतात, त्यांच्यासाठी. एक इसवणाच्या भावावर, त्यात मासेवालीही तीच आणि गिऱ्हाईकही तीच. एक भजनी मंडळातल्या त्या बुवांवर, जे प्रत्येक अभंगात स्वतःचा आलाप घुसडतात (बुवा खरे आहेत, गाव सांगत नाही). एक चार दिवस बाजूला बसण्यावर. आणि एक कौलावर. पुढे सगळा घोळ त्यानेच घातला.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे देवळात कौल लावतात, प्रसाद घेतात असंही म्हणतात. मूर्तीला फुलाच्या कळ्या किंवा पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि बसून राहायचं. उजवीकडची आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. जमीन घेऊ का, ऑपरेशन करू का, हे स्थळ पत्करू का, सगळं विचारतात. मीसुद्धा नवा मिक्सर घेताना विचारलं होतं. भाचीचं गाणं अर्थात स्थळाबद्दल:

तीन वेळा विचारलं, तीन वेळा डावी,
देव म्हणाला, तुलाच नको, तर उजवी कशाला द्यावी?

आवाज गोड नाही तिचा. जाड, किंचित नाकातला, आणि विनोदाची जागा जवळ आली की आणखी सपाट होणारा. मुरलेला विनोदी नट जसा सगळं नाट्यगृह खदखदत असताना चेहरा कोरा ठेवतो, तसा. मला तिथेच ती आवडली. मामा म्हणून नव्हे, साउंडवाला म्हणून.

ड्रम मडगावला वाजवून आणले. गायचं काम दुकानामागच्या खोलीत. जून लागला होता, वर पत्रे, म्हणजे दिवसा रेकॉर्डिंगचा प्रश्नच नाही. रात्री अकरा ते दोनच्या मध्ये पावसाने श्वास घेतला की आम्ही गायला सुरुवात करायचो. भिंतींना गोधड्या आणि नाटकाचे जुने पडदे लावले: मागे राजवाडा, बाजूला जंगल. ती जंगलाकडे तोंड करून गायची. राजवाड्यावरून आवाज उलटून येतो, म्हणाली. सहाव्या गाण्यात बेडूक आहेत. काढायला गेलो तर तिच्या आवाजातलं काहीतरी त्यांच्याबरोबर जात होतं, म्हणून ठेवले.

पहिला मिक्स, म्हणजे आवाज आणि वाद्यांचा एकत्र मेळ, मी सवयीने केला, आणि सवय भजनाची. भजनाला इको लागतो. कमी केला की बुवा पेटीवरचा एक हात उचलून हवेत गोल फिरवतात, म्हणजे 'वाढव'. तेव्हा तिच्या आवाजावरही मी चांगला सभामंडपाएवढा इको टाकला. तिने कौलाचं गाणं ऐकलं आणि म्हणाली, "मामा, यात गाऱ्हाणं घालणारीही गाभाऱ्यातूनच बोलतेय."

दुसऱ्या दिवशी तिने मला नमुना म्हणून एक अल्बम ऐकायला दिला. लिझ फेअर या अमेरिकी गायिकेचा 'एक्झाइल इन गायव्हिल', १९९३चा, तिचा पहिलाच, अठरा गाण्यांचा. त्याआधी ही बाई घरी बसून कॅसेटवर गाणी भरायची, आणि हा अल्बम आपण रोलिंग स्टोन्सच्या १९७२च्या 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट'ला उत्तर म्हणून रचला असं तिने सांगून टाकलं. केवढी हिंमत बघा. माझं इंग्रजी बिलं फाडण्यापुरतं, त्यामुळे त्यातला चावटपणा भाचीने समजावून सांगितला. मामाला ते समजावताना तिची जी पंचाईत झाली तिच्यावर दहावं गाणं होईल. कानाला मात्र समजावून सांगावं लागलं नाही. बाई समोरच्या खुर्चीवर बसून बोलते. आवाजाला कसलाही साज नाही, गिटार बाजूला उभी, आणि प्रत्येक शब्द हातात ठेवल्यासारखा. तिच्याच शिकागोतल्या काही रॉकवाल्यांनी तिच्यावर नाकं मुरडली होती, आणि न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'ने समीक्षकांची मतं मागवली त्यात त्या वर्षी तोच अल्बम पहिला आला. "उजवा कौल," भाची म्हणाली.

इको काढला. आता ऐकवायचं कुणाला, आणि विचारायचं काय?

नाटकाचा साउंडवाला विंगेत फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळीवर, बोट ठेवून एकाच गोष्टीकडे कान लावून असतो, ती म्हणजे हशा. नट वाक्य टाकतो, हशा उसळतो, तो ओसरायला लागला की पुढचं वाक्य. हशात वाक्य सोडलं तर ते मातीत. म्हणून मी ठरवलं की 'कसं वाटलं?' विचारायचंच नाही. विचारलं की लोक 'बरें आसा' म्हणतात, आणि गोव्यात 'बरें आसा'चा अर्थ चेहरा बघून लावावा लागतो. एक दोनशे पानी वही घेतली. वर गाण्याचं नाव, खाली मिनिट-सेकंद, आणि तीन रकाने: वेळेवर हसले, उशिरा हसले, हसले नाहीत.

बँडमधल्या पोरांना पहिल्यांदा ऐकवलं. बेसवाल्याने बेस ऐकला, ड्रमवाल्याने ड्रम. वहीत टिपण्यासारखं काही नाही.

खरी सुरुवात बायकोपासून झाली. रविवारी सकाळी ती बांगडे साफ करत होती. फोन आदोळीला, म्हणजे विळीला, टेकवून ठेवला आणि मी वही घेऊन दाराशी बसलो. समुद्राच्या गाण्यात ती दोनदा हसली, दोन्ही वेळा वेळेवर. माशाच्या गाण्यात हसली नाही, पण भाव चुकीचा आहे म्हणाली. मग कौल लागला. कडवं संपलं तरी हसू नाही. उलट हातातला बांगडा तसाच धरून म्हणाली, "बिचारीला देवसुद्धा नको म्हणतो?"

"देव नको म्हणत नाही गे. तो म्हणतो, तुलाच नको."

"मला नको?"

"तुला नव्हे, तिला. 'तुलाच नको.'"

"मग तसं म्हणायला सांग तिला."

दुकानात येऊन हेडफोन लावला. 'तुलाच'च्या 'च'वर अगदी मोजून क्रॅशची झांज पडत होती. ड्रमवाल्याचा दोष नाही. ओळ वर चढली की झांज मारायची हा रॉकचा रिवाज, आणि ओळ नेमकी तिथेच चढत होती. पण च, स, श, त ही व्यंजनं म्हणजे नुसती क्षणभराची हवा. ती ओळखू येतात ती साधारण दोन-चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आणि त्याच्या वर. झांज आणि फाटलेल्या आवाजाची गिटार, दोघींचं बस्तानही तिथेच. स्वर खाली सुरक्षित असतात, त्यामुळे 'तुला' पोचतं आणि 'च' चेंगरून मरतो. त्यात फोनचा इवलासा स्पीकर बास जवळजवळ देतच नाही, म्हणजे उरलेलं सगळं याच पट्ट्यात भांडणार. 'च' असला तर पोरगी वस्ताद आणि देव तिच्याहून वस्ताद. 'च' गेला की पोरगी बिचारी आणि देव खाष्ट. तीन महिने आम्ही एक विनोदी गाणं करत होतो, आणि माझ्या स्वयंपाकघरात ते करुण झालं होतं.

आवाज दीड डेसिबल वाढवून बघितला. 'च' आला, पण बँड शेजारच्या घरात वाजतोय असं वाटायला लागलं. भाची म्हणाली, आकाशवाणीच्या बातम्या. मग वाढवलेला परत खाली आणला, आणि ती गात असेल तेवढ्या वेळापुरता गिटारमधला अडीच हजाराच्या आसपासचा भाग दोन-तीन डेसिबल काढला. गिटार तशीच भरगच्च वाटते, पण मध्ये एक शब्द बसेल एवढी फट पडते. हे नाटकात आम्ही पार्श्वसंगीताशी नेहमी करतो. फक्त तिथे कुणी गिटारवाला हात धरायला येत नाही.

राहिली झांज. मडगावला फोन केला.

"अंकल, क्रॅश काढला तर कोरस सुरू झाला हे लोकांना कसं कळणार?"

"आधी जोक कळू दे बाबा. कोरस कळेल."

तो आला, अशा आठ जागा पुन्हा वाजवल्या, झांज एक मात्रा उशिरा. वाजवली तोंड पाडून. जाताना म्हणाला की आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला शब्द ऐकून वाजवायला लावलं. हे कौतुक होतं की तक्रार, अजून ठरवलेलं नाही.

झांज मागे गेली आणि माझ्यातला नाटकवाला जागा झाला. म्हटलं, विनोद पोचला तर आता हशाला जागा हवी. 'कशाला द्यावी'नंतर मी दोन मात्रा सगळं बंद केलं. पूर्ण शांतता. बायको त्यात हसली, शेजारच्या चहावाल्याचा पोरगा हसला, वहीत 'वेळेवर'चा रकाना भरायला लागला. मी खूश होऊन भाचीला ऐकवलं. तिनेही ऐकलं, मग पुन्हा लावलं, मग पुन्हा. तिसऱ्यांदा गाणं थांबल्यावर ती त्या शांततेत माझ्याकडे बघत राहिली.

"मामा, आता मी या जागेत काय करू?"

हे मला सुचलं नव्हतं. नाटक माणूस एकदा बघतो, फार तर दोनदा. अल्बम वीसदा ऐकतो, गाडी चालवताना, भांडी घासताना. पहिल्या वेळी जी जागा हशाने भरते ती पाचव्या वेळी रिकामी खुर्ची होते, आणि दहाव्या वेळी 'आता हसा' अशी पाटी. नट समोरच्या प्रेक्षकांप्रमाणे थांबणं लहान-मोठं करतो. रेकॉर्डिंगला ते जमत नाही. ते प्रत्येक वेळी तेवढंच थांबतं, कुणी हसो वा न हसो.

जागा ठेवली तर पाटी, काढली तर हशात पुढची ओळ बुडते. यावर आम्ही आठवडा घालवला. तोडगा निघाला तो चतुर्थीच्या तयारीमुळे. दुकानात आमच्या वाड्यावरचं घूमट पडलेलं होतं, आरतीसाठी चामडं ताणायला दिलेलं. मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं. पूर्वी ते घोरपडीचं असायचं. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं. जुने वाजवणारे म्हणतात, तो आवाज गेला. २०१९मध्ये सरकारने घूमटाला राज्याचं वारसा-वाद्य केलं, त्यानेही तो परत आला नाही. पण घूमटाची खुबी कातड्याइतकीच दुसऱ्या तोंडात आहे. ते उघडं असतं, त्यावर डाव्या हाताचा तळवा उघडझाप करायचा, की आवाज खाली-वर घुमतो. भाची बसल्या बसल्या ते वाजवत होती, आणि तळवा हलका ठेवल्यावर मडक्यातून अगदी कुणीतरी तोंड दाबून हसल्यासारखा आवाज निघाला. दोघेही थांबलो. त्या दोन मात्रांत आता घूमट खुसखुसतं. पहिल्यांदा ऐकणारा त्यावर हसतो, त्याला ते ऐकूही येत नाही. विसाव्यांदा ऐकणाऱ्याला ते ऐकू येतं.

मास्टर करताना, म्हणजे अल्बमवर शेवटचा हात फिरवताना, थोडा मोह झाला, तोही सांगतो. सगळं दाबून आवाज मोठा करायचा, म्हणजे इतर गाण्यांच्या पुढे आपलं उठून दिसेल. पण स्पॉटिफायसारखी ठिकाणं गाणं साधारण उणे १४ लफ्सच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) पातळीला आणून बसवतात, तुम्ही कितीही ओरडा. आणि दाबलं की विनोदाआधीचा तिचा तो सपाट, हलका सूरही वर येऊन बसतो. बंदूक दाखवून मग गोळी मारल्यासारखं. नाही दाबलं.

आता वाड्यावरचे श्रोते.

आमच्या ओळखीचे एक भटजी अँप्लिफायर दुरुस्तीला घेऊन आले होते. दुकानात कौलाचं गाणं चालू होतं आणि बंद करायला मी अर्ध्या सेकंदाने चुकलो. म्हटलं, आता झालं. त्यांनी 'परत लाव' म्हणून खूण केली. पूर्ण ऐकलं, हसले नाहीत. मग म्हणाले, "चूक आहे."

"लहान आहे हो ती. गंमत म्हणून..."

"गंमतीचं नाही म्हणत. डावा आला की तोच प्रश्न परत विचारायचा नसतो आमच्याकडे. प्रश्न फिरवून विचारायचा. तीन वेळा तोच विचारला तर देव दुसरं काय सांगणार?"

भाचीला निरोप दिला. ती म्हणाली, "ऐकत नाही म्हणून तर गाणं आहे ना ते." भटजींचं नाव मी 'हसले नाहीत'च्या रकान्यात घातलं, पण समासात एक टीप टाकली. शेवटच्या वाक्याला त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं होतं.

भजनी मंडळाला ऐकवायचं धाडस मी सराव संपल्यावर, सोलकढी पिऊन लोक सैल झाल्यावर केलं. बुवांचं गाणं वगळलं, तेवढी अक्कल आहे मला. मला भीती चावटपणाची होती. त्यावर कुणी बोललंच नाही. पहिल्या गाण्याच्या दुसऱ्याच ओळीला एकजण म्हणाला, "ही मराठी नव्हे." दुसरा म्हणाला, "मग कोकणी तरी कुठे आहे?" भाची लिहिते ते आम्ही बोलतो तसं, मराठी चालू असते, मध्येच कोकणी येऊन बसते, आणि उठायचं नाव घेत नाही. १९८७च्या कायद्याने कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीलाही सरकारी कामात जागा ठेवली, तेव्हापासून हा वाद आमच्याकडे कुठल्याही निमित्ताने, नसेल तर निमित्ताशिवाय पेटतो. पाऊण तास भांडले. गाणी मागे वाजत होती. चार दिवसांवरचं गाणं त्या गदारोळात बिनविरोध पार पडलं. निवृत्त मास्तर तेवढे शेवटी म्हणाले, "केसरबाईंच्या तालुक्यात हे?" केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ, आणि कुठल्याही पोरीला गप्प करायचं असलं की तेच बाहेर काढतात. वहीचं पान कोरं. फक्त तबलजीने निघताना विचारलं, "ते मध्ये घूमट कोण वाजवतंय?"

बायकांची गोष्ट निराळी. चतुर्थीच्या आधी आमच्या अंगणात फुगडीचा सराव असतो. तिथे मी स्पीकर लावून दिला आणि वही घेऊन खांबाला टेकलो. दहा-बारा जणी. कुणी हसेना. पदर तोंडावर, नजर जमिनीवर, जणू शोकसभा. चार दिवसांचं गाणं लागलं:

चार दिवस देवाला माझी बाधा,
पाचव्या दिवशी समया मीच घासा!

स्मशानशांतता. मोठी काकी, वय पंच्याऐंशी, माझ्याकडे बघून म्हणाली, "तू चहाचं काय ते बघ रे." मी आत गेलो. स्वयंपाकघराच्या दाराआड पाय टेकतोय तोच बाहेर जो हशा फुटला, तो मी जत्रेच्या नाटकांतही क्वचित ऐकलाय. गाणं पुन्हा लावलं, पुन्हा फुटला. मी चहाचं भांडं हातात घेऊन भिंतीआड, आणि मिनिट-सेकंद बघायला घड्याळ बाहेर खांबावर.

वही बायकोकडे सोपवली. तिच्या नोंदी माझ्याकडे अजून आहेत. वेळ कुठेच नाही. 'इथे सगळ्या.' 'इथे फक्त मोठी काकी, मग खोकला.' 'इथे सुना हसल्या, सासवा नाही.' 'इथे सासवा हसल्या, सुना नाही.' त्या शेवटच्या नोंदीची जागा मी शोधून काढली. समया घासण्याच्या पुढची ओळ होती ती, जिथे गाणारी म्हणते की सासूबाईंनी नियम सांगितला तेव्हा त्याही नजर चुकवत होत्या. मला वाटलं होतं यात विनोद नाहीच. मिक्समध्ये ती ओळ मी जरा खाली ठेवली होती, भरीची ओळ समजून. परत जाऊन वर काढली.

आणि शेवटी भावोजी, म्हणजे तिचे वडील. भावोजींकडे आमच्या गोव्याचा गायक रेमो फर्नांडिसच्या 'गोअन क्रेझी'ची कॅसेट अजून जपून ठेवलेली आहे, १९८४ची, त्याने शिवोलीला घरी बसून भरलेली. रेमोने कुणालाही काहीही म्हणू दे, भावोजी मांडीवर थाप मारून हसायचे. पोरगी काही म्हणते म्हटल्यावर मात्र तीन महिने त्यांनी 'वेळ नाही' हेच चालवलं. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेतला आणि गाडीत जाऊन बसले. गाडी अंगणातच, काचा वर, एसी चालू. ताई खिडकीच्या पडद्याआडून बघत होती, मी ताईच्या मागून. अल्बम चौतीस मिनिटांचा. बाहेर आले ते पंचेचाळीस मिनिटांनी. म्हणजे काहीतरी दोनदा ऐकलं. काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

"गाडीचा डावा स्पीकर फाटलाय," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

मी गाडी तपासली. स्पीकर ठणठणीत. डावीकडे मी बेसची एक घरघरणारी पट्टी ठेवली होती, ती खरोखरच फाटक्या स्पीकरसारखी वाजत होती, आणि इतक्या लोकांत ते एकाच्याही कानाला लागलं नव्हतं. ती मध्ये आणून कमी केली. अल्बमची शेवटची दुरुस्ती ती.

बाहेर आल्यावर काय झालं ते थोडक्यात. पणजीत एका कॅफेत कार्यक्रम केला. चाळीसएक माणसं, सगळी तिच्या ओळखीची. ती तिने पाणी प्यायलं तरी हसत होती. असला हशा वहीत घेऊन काय करणार? एका मंडळाने कार्यक्रमाला बोलावलं, मग फोन करून कौलाचं गाणं गाळाल का विचारलं, मग तारीखच गाळली. भाचीला राग आला तो गाळण्याचा नाही, गाणं न ऐकता गाळल्याचा. जहाजावर काम करणाऱ्या वाड्यावरच्या एका पोराने आवाजी निरोप पाठवला, मागे इंजिनाची घरघर: समुद्राचं गाणं तो रोज ऐकतो, कारण फोंड्यात समुद्र नाही हे त्याला चांगलं वाटतं. आणि दोन मुलींनी, एकमेकींना न ओळखणाऱ्या, एकच प्रश्न विचारला की कौलाच्या गाण्यातला तो मुलगा खरा आहे का. भाची दोघींना 'हो' म्हणाली. मला 'नाही' म्हणाली.

जत्रांचा हंगाम सुरू झाल्यावर वही कपाटात गेली. मार्गशीर्षातल्या एका जत्रेत नाटकाआधी माइक तपासत होतो. स्पीकर बोलके करायला मी सध्या तिचाच अल्बम लावतो. 'च' ऐकू आला की स्टेज नीट आहे असं समजायचं. मांडवात अजून कुणी नव्हतं. खुर्च्या लावणारी दोन पोरं, चणेवाला, आणि पुढच्या रांगेत लवकर येऊन जागा धरून बसलेल्या तीन म्हाताऱ्या, त्यांतली एक आमची काकी. कौल लागला. 'तीन वेळा विचारलं,' ती गात होती, 'तीन वेळा डावी,' आणि देव अजून तोंड उघडायचा होता तोच काकीला हसू आवरेना. शेजारणीला कोपराने ढोसून ती आधीच हसायला लागली होती. मी सवयीने घड्याळ बघितलं. वहीत त्यासाठी रकानाच नव्हता.